अर्ध्या चेहऱ्याचे व्याकरण : ‘हाफ-ड्रॅग’ या छायाचित्रमालिकेचा विचार

१

न्यूयॉर्क येथील छायाचित्रकार लेलंड बॉबे यांची ‘हाफ-ड्रॅग’ ही छायाचित्रमालिका २०१२ मध्ये प्रसिद्धीस आली आणि अल्पावधीत देशोदेशी पाहिली गेली. स्त्रीवेषात रंगमंचावर येणारे न्यूयॉर्कमधील कलावंत हा तिचा विषय. प्रत्येक छायाचित्रात एकच चेहरा आहे. त्याची एक बाजू पूर्ण रंगवलेली, दुसरी रंगाविना. कपाळाच्या मध्यातून, नाकाच्या दांडीवरून, ओठ दुभागून हनुवटीपर्यंत जाणारी एक उभी सीमारेषा या दोन बाजूंना वेगळे करते. केसांचा टोपही अर्ध्याच मस्तकावर असतो. ही दोन छायाचित्रांची जोडणी नव्हे. अर्धा रंगवलेला चेहरा प्रत्यक्षात कॅमेऱ्यापुढे होता आणि तो तसाच टिपला गेला, ही गोष्ट छायाचित्रकाराने आवर्जून सांगितलेली आहे.

या मालिकेचे कौतुक झाले ते मुख्यतः रूपांतराचे दर्शन म्हणून. पुरुषाची स्त्री कशी होते हे येथे एका दृष्टिक्षेपात दिसते, असे सामान्यतः मानले गेले. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. छायाचित्र एका क्षणाचे असते. रंगभूषा ही कित्येकदा दोन-दोन तास चालणारी क्रिया. क्षणाने क्रिया दाखवायची तर तिच्या कालाची काहीतरी व्यवस्था लावणे भाग असते. बॉबे यांनी ती कशी लावली, तीतून काय साधले आणि काय निसटले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. प्रश्न केवळ तंत्राचा नाही. रंगाखाली ‘खरा’ चेहरा असतो आणि रंग तो लपवतो, ही समजूत दृढ करणारे चित्र आणि ती सैल करणारे चित्र यांत मोठे अंतर आहे. ज्यांचे चेहरे रंगवलेले असतात त्यांना त्या समजुतीची किंमत प्रत्यक्ष व्यवहारात मोजावी लागलेली आहे. तिचा उल्लेख पुढे येईलच.

‘ड्रॅग’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द योजण्याचा मोह येथे टाळला आहे. मराठी रंगभूमीच्या परिभाषेत ‘स्त्रीपार्टी’ आहे, तमाशात ‘नाच्या’ आहे, लोकव्यवहारात ‘सोंग’ आहे. परंतु या प्रत्येक शब्दाचे विश्व स्वतंत्र आहे. स्त्रीपार्टी नट नाटकातील एका स्त्रीपात्राची भूमिका करतो आणि आपण पुरुष आहोत याचा प्रेक्षकांना विसर पडावा अशी खटपट करतो. ड्रॅग कलावंताला बहुधा नाटककाराने दिलेले पात्र नसते. त्याने स्वतःच निर्मिलेली, वेगळे नाव धारण करणारी एक व्यक्तिरेखा असते. तिच्या भुवया, ओठ, केस हे सर्व इतके वाढवून रचलेले असते की रचनेचा विसर पडूच नये. सुझन सोन्टॅग यांनी १९६४ मध्ये ‘कॅम्प’ या अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात, अशा दृष्टीला प्रत्येक वस्तू जणू अवतरणचिन्हांत दिसते, अशा आशयाचे विवेचन केले आहे. ड्रॅगच्या रंगभूषेला ते नेमके लागू पडते. ती स्त्रीरूपाचे अनुकरण करते यापेक्षा ती त्याचे अवतरण देते असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

२

रूपांतराचे चित्र म्हणून या मालिकेकडे पाहावयाचे तर रूपांतर प्रत्यक्षात कसे घडते हे आधी पाहिले पाहिजे. प्रत्येक कलावंताची पद्धत निराळी असली तरी ड्रॅगच्या रंगभूषेचा क्रम स्थूलमानाने ठरलेला आहे. प्रथम दाढी घोटून काढतात. तरीही त्वचेखाली राहणारी निळसर झाक मारण्यासाठी नारिंगी किंवा तांबूस रंगाचा हात देतात. निळ्याचा पूरक रंग तो, म्हणून. भुवया डिंकाच्या कांडीने कपाळाला सपाट चिकटवून त्यांवर पावडरीचे थर देतात व त्या त्वचेत मिसळून दिसेनाशा करतात. मग सर्व चेहऱ्यावर फाउंडेशन लावतात. त्यानंतर गालाच्या हाडाखाली, जबड्याच्या कडेला आणि नाकाच्या दोन्ही अंगांना गडद रंग; गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या मध्यावर आणि कपाळावर उजळ रंग. नवी भुवई मूळ जागेच्या बरीच वर काढतात, त्यामुळे डोळ्यावरचे क्षेत्र वाढते. पापणीची नवी घडी रंगाने आखतात, पापण्यांना कृत्रिम केस लावतात, ओठ त्यांच्या नैसर्गिक सीमेबाहेर नेऊन रंगवतात. टोप बहुधा शेवटी येतो.

या क्रमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, रंगभूषा थराथराने होते, बाजूबाजूने होत नाही. दाढीची झाक दोन्ही गालांवर मारली जाते, दोन्ही भुवया एकाच टप्प्यावर नाहीशा होतात, फाउंडेशन सबंध चेहऱ्यावर पसरते. एक बाजू पूर्ण सिद्ध झालेली आणि दुसरीला रंगाचा स्पर्शही नाही, अशी अवस्था कोणत्याही कलावंताच्या कोणत्याही संध्याकाळी स्वाभाविकपणे येत नाही. म्हणजे ‘हाफ-ड्रॅग’मधील अवस्था हा रूपांतराचा टप्पा नव्हेच. ती खास कॅमेऱ्यासाठी सिद्ध केलेली आहे. एकाच टिपणीत छायाचित्र घेतल्याची ग्वाही खरी आहे आणि तिला महत्त्वही आहे, कारण तिच्यामुळे कलावंताचे हस्तकौशल्य प्रमाणित होते. परंतु त्या ग्वाहीने चित्र खरे ठरते ते एका मांडणीचे चित्र म्हणून. क्रियेचे चित्र म्हणून ते त्यामुळे खरे ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भुवया बुजवून फाउंडेशन लावल्यानंतर काही काळ चेहरा कोणाचाच नसतो. त्याला भुवया नसतात, ओठांची कड पुसलेली असते, गालांचे चढउतार एका रंगात बुडालेले असतात. पूर्वीचा चेहरा गेलेला आहे आणि नवा आलेला नाही. रूपांतराचे मर्म कोठे असेल तर ते या रिक्त अवस्थेत आहे. आणि ‘हाफ-ड्रॅग’मध्ये नेमकी हीच अवस्था नाही. सीमारेषेच्या एका बाजूला आरंभ आहे, दुसऱ्या बाजूला अंत आहे. मधले सर्व काही त्या रेषेच्या जाडीत नाहीसे झाले आहे.

भाषाभ्यासकांना हा व्यवहार परिचयाचा आहे. फर्दिनां द सोस्यूर यांची १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेली व्याख्याने भाषेच्या एककालिक आणि कालक्रमिक अभ्यासांत भेद करतात. ‘हाफ-ड्रॅग’ कालक्रमिक वस्तूला एककालिक रूप देते. जे आधी व नंतर असते ते येथे डावे व उजवे होते. भाषेचा इतिहास लिहिताना संस्कृत रूपापुढे मराठी रूप ठेवले म्हणजे बदल ‘दाखवला’ असे वाटते; ‘हस्त’ आणि ‘हात’ शेजारी दिसतात. पण मधला प्राकृत ‘हत्थ’ वगळला तर बदलाची प्रक्रिया कळत नाही, केवळ फरक कळतो. बॉबे यांच्या चित्रात फरक अत्यंत स्पष्ट आहे. प्रक्रिया मात्र पाहणाऱ्याने मनाने भरून काढावयाची आहे.

३

तथापि या मांडणीने एक गोष्ट जी साधली आहे ती अन्य मार्गाने साधणे कठीण होते. रंगभूषा ही मुळात रंगवलेली छाया असते. गालाखालचा गडद पट्टा हा तेथे सावली पडल्याचा आभास आहे. नाकाच्या मध्यावरील उजळ रेषा हा तेथे प्रकाश पडल्याचा आभास आहे. मंचावरील प्रखर प्रकाशात चेहऱ्यावरच्या खऱ्या छाया धुऊन जातात, म्हणून त्या रंगाने पुन्हा लिहाव्या लागतात. मूळ हाडांवर पडणाऱ्या छायांऐवजी दुसऱ्याच हाडांच्या छाया लिहिल्या म्हणजे हाडेच बदलल्याचा भास होतो.

छायाचित्र हेही प्रकाश आणि छाया यांचेच लेखन. म्हणून रंगवलेला चेहरा टिपताना दोन लेखनपद्धती एकमेकींवर येतात : एक दिव्याची, दुसरी कुंचल्याची. दिवा बाजूने आणि तीव्र असेल तर खऱ्या छाया रंगवलेल्या छायांना खोडून काढतात आणि रंगभूषा भडक, खोटी, केवळ लेप म्हणून दिसते. प्रकाश समोरून आणि सम असेल तर खऱ्या छाया क्षीण होतात आणि रंगवलेल्या छायांना हाडांचे बळ येते. छायाचित्रकाराचा न्याय किंवा अन्याय आधी येथे ठरतो. चौकट आणि शीर्षक ही नंतरची गोष्ट. रंगवलेला चेहरा हास्यास्पद करावयाचा असेल तर त्यासाठी टीकेचा एकही शब्द लागत नाही, दिवा सरकवला की पुरे.

‘हाफ-ड्रॅग’मध्ये रंगभूषेला हा न्याय मिळाला आहे. साधी पार्श्वभूमी, मस्तक व खांदे यांपुरती चौकट, आणि दोन्ही बाजूंवर एकसारखी स्पष्टता. एकाच कवटीवरील एकाच प्रकाशात एक गाल सपाट आणि दुसरा खोल दिसतो, तेव्हा ती खोली सर्वस्वी हाताने केलेली आहे हे प्रेक्षकाला मान्य करावे लागते. ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवण्याची जाहिरातींतील जुनी रीत आहे. तीत प्रकाश, कोन, मुद्रा बदलण्यास वाव असतो आणि म्हणून लबाडीलाही असतो. येथे तो वाव उरलेला नाही. स्वनविचारात ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांसारख्या लघुतम युग्मात बाकी सर्व समान ठेवून एकच भेद उघडा केला जातो. येथेही तोलून धरलेल्या समानतेत एकच भेद उघडा पडतो. कारागिरीचे मूल्यमापन करण्यास याहून चांगले साधन नाही. या मालिकेने ड्रॅगच्या रंगभूषेला कौशल्य म्हणून जी प्रतिष्ठा दिली ती तिची निर्विवाद कमाई मानली पाहिजे.

४

अडचण येते ती दुसऱ्या, न रंगवलेल्या बाजूविषयी. ही बाजू मूळ, नैसर्गिक, अतएव खरी; रंगवलेली बाजू तिच्यावर केलेला आरोप; असा अर्थ चित्र पाहताक्षणी लागतो. युग्मातील एक पद चिन्हांकित आणि दुसरे अचिन्हांकित असते, हा विचार त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन यांनी १९३० च्या सुमारास मांडला. अचिन्हांकित पद नेहमी स्वाभाविक वाटते, कारण त्यावर काही जोडलेले दिसत नाही. परंतु न जोडणे हाही व्याकरणातील एक व्यापार आहे. ‘घराला’ या रूपात प्रत्यय दिसतो, ‘घर’ या रूपात दिसत नाही. म्हणून ‘घर’ विभक्तीबाहेर जात नाही. वाक्यात येताच त्याला शून्य प्रत्यय मानावा लागतो आणि ते शून्यही अर्थ सांगते. लोप म्हणजे अभाव नव्हे, ती एक नियमित स्थिती आहे, ही दृष्टी पाणिनीय परंपरेला फार जुन्या काळापासून अवगत होती.

बॉबे यांच्या चित्रातील रंगहीन बाजू अशी शून्य प्रत्ययाची बाजू आहे. तीही कॅमेऱ्यापुढे बसवलेली आहे, तिच्यावरही दिवा योजलेला आहे, आणि सीमारेषेपलीकडील मोठ्या भुवईच्या शेजारी तिची भुवई अधिकच पुरुषी वाटू लागते. सभोवतालच्या पुरुषी खुणा, म्हणजे आखूड केस वा उघडी छाती, या विरोधामुळे ठसठशीत होतात. एरवी रस्त्यात जो चेहरा विशेष लक्षातही येणार नाही तो येथे ‘पुरुषाचा चेहरा’ होतो. म्हणजे रंग एका बाजूला लागला, पण अर्थ दोन्ही बाजूंना लागला. मालिकेतील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट हीच आहे. आणि सामान्य प्रेक्षक बहुधा तिच्याजवळ थांबत नाही, कारण चित्राची सममित रचना त्याला तेथे थांबू देत नाही. ती त्याला एक कोडे देते, आणि कोड्याचे उत्तर सापडले की पाहणे संपते.

येथे एस्थर न्यूटन यांच्या १९७२ मधील ‘मदर कॅम्प’ या ग्रंथाचे स्मरण उपयुक्त आहे. अमेरिकेतील स्त्रीवेषधारी कलावंतांचा क्षेत्रीय अभ्यास करून न्यूटन यांनी दाखवले की ड्रॅगमध्ये एकाच वेळी दोन उलट विधाने असतात. एका विधानानुसार बाहेरचे रूप स्त्रीचे आणि आतील देह पुरुषाचा. दुसऱ्यानुसार बाहेरचा देह पुरुषाचा आणि आतील स्वत्व स्त्रीचे. दोन्ही विधाने परस्परांना छेद देतात आणि म्हणून ‘खरे’ आणि ‘खोटे’ या शब्दांनाच तेथे नीट टेकू मिळत नाही. ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये हाच धागा पुढे नेऊन, ड्रॅगमुळे लिंगभावाची सर्वसामान्य रूपेही अनुकरणावरच उभी असल्याचे उघड होते, असे प्रतिपादिले. अर्ध्या चेहऱ्याची रचना न्यूटन यांच्या दोन विधानांपैकी पहिले विधान ठळकपणे करते. दुसरे विधान करण्यास तिच्यापाशी जागा नाही, कारण ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा अक्ष सोडून तिने ‘डावे’ आणि ‘उजवे’ हा अक्ष स्वीकारला आहे.

५

निराळा मार्ग उपलब्ध होता काय? याचे उत्तर त्याच शहरातील दोन पूर्वसूरींच्या चित्रांत मिळते. डीअ‍ॅन आर्बस यांचे वेस्ट ट्वेंटिएथ स्ट्रीटवरील घरात केसांना कर्लर लावून बसलेल्या तरुणाचे १९६६ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. चेहरा अगदी जवळून घेतलेला आहे. भुवया कोरून कमानदार केलेल्या, नखे वाढवलेली, हातात सिगारेट, केसांत कर्लर. हा क्षण तयारीच्या अधेमधे पकडलेला आहे. काय होते आणि काय होणार यांपैकी एकही टोक चित्रात नाही. जे आहे ते चालू आहे. मराठीत ‘तो नटला’ आणि ‘तो नटतो आहे’ यांत जो क्रियाव्याप्तीचा भेद आहे तोच येथे आहे. बॉबे यांची चित्रे पूर्णतेची आणि अनारंभाची आहेत. आर्बस यांचे चित्र अपूर्णतेचे आहे.

तथापि आर्बस यांच्या चित्रालाही एक मर्यादा आहे आणि ती शीर्षकात आहे. शीर्षक त्या व्यक्तीला नाव देत नाही, ‘एक तरुण’ असे म्हणते. या अनिश्चित उल्लेखाने माणूस नमुना बनतो, आणि चित्रातील कमानदार भुवई ज्या प्रश्नाला खुला ठेवते तो ‘तरुण’ हे नाम आगाऊच मिटवून टाकते. बॉबे यांच्या मालिकेत कलावंतांची रंगमंचीय नावे दिलेली आहेत. अँडी वॉरहॉल यांच्या १९७५ मधील ‘लेडीज अँड जंटलमेन’ या चित्रमालिकेतील अनेक व्यक्ती दीर्घकाळ निनावी राहिल्या, हे लक्षात घेतले म्हणजे नाव देण्याच्या या साध्या रीतीचे मोल कळते.

नॅन गोल्डिन यांचे कार्य या दोहोंहून वेगळे. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्या बॉस्टनमध्ये ड्रॅग कलावंतांसमवेत राहत होत्या. त्यांच्या सहवासातील चित्रे व नंतरची न्यूयॉर्क, बँकॉक, मनिला येथील चित्रे ‘द अदर साइड’ या ग्रंथात १९९३ मध्ये एकत्र आली. ग्रंथाचे नाव बॉस्टनमधील एका मद्यगृहाचे आहे. त्यातील सर्वच व्यक्ती ड्रॅग कलावंत नाहीत, काही पारलिंगी आहेत, आणि एक ही कला तर दुसरी ही ओळख, हा भेद विसरून चालणार नाही. १९९१ मधील चित्रांत जिमी पॉलेट आणि टॅबू यांची स्नानगृहातील, तसेच वेष उतरवतानाची चित्रे आहेत. मिस्टी आणि जिमी पॉलेट टॅक्सीत बसून निघाल्याचे चित्र आहे. टॅक्सीतील चित्रात दिवसाचा उजेड आहे. मंचासाठी रचलेली रंगभूषा त्या उजेडात उघडी पडते आणि तरी हास्यास्पद होत नाही, कारण त्या दोघांची नजर पाहणाऱ्याकडे परिचिताप्रमाणे वळलेली आहे. वेष उतरवण्याच्या चित्रात क्रम उलटा आहे आणि तो उलटा असूनही ‘आता खरे रूप दिसले’ असा सूर त्यात नाही. जो दमून वेष उतरवतो आहे तो आधीही तोच होता. चित्रे अनेक आहेत, एकामागून एक येतात. गोल्डिन यांनी आपले काम वर्षानुवर्षे पडद्यावर क्रमाने दाखवलेही. एका चित्राने जे होत नाही ते क्रमाने होते. येथे युग्म नाही, वाक्य आहे.

६

हा विचार मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही. पुरुषाने स्त्रीची भूमिका घेण्यास नाट्यशास्त्रात ‘रूपानुसारिणी’ अशी संज्ञा आहे, आणि आहार्य अभिनयाच्या विवेचनात, नटाने रंगाने आपले रूप झाकून परभाव धारण करणे हे जीवाने एक देह सोडून दुसऱ्यात जाण्यासारखे आहे, असा दृष्टांत येतो. या कल्पनेत अर्ध्या चेहऱ्याला स्थान नाही. प्रवेश व्हावयाचा तो पूर्ण व्हावा लागतो. मराठी संगीत रंगभूमीने हाच आदर्श मानला. बालगंधर्वांची भामिनी (१९११), रुक्मिणी (१९१६), सिंधू (१९१९) यांची जी छायाचित्रे आजवर पाहिली जातात ती सिद्ध रूपाची आहेत. रंगपटात काय घडते हे पाहण्याचा प्रेक्षकाला अधिकार नव्हता, आणि कॅमेराही सामान्यतः त्या उंबरठ्याबाहेर राहिला. १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ या चित्रपटात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत आले, तेव्हा कॅमेऱ्याने त्यांचा पुरुषरूपातील चेहरा जवळून दाखवला. पुढे ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीरूपात आले. दोन रूपे दोन स्वतंत्र कलाकृतींत राहिली.

दशावताराची रीत मात्र निराळी आहे. तेथे स्त्रीभूमिका पुरुषच करतात आणि नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो. ड्रॅग कलावंताशी त्याचे साम्य या एका बाबतीत जवळचे आहे. रंगभूषाकार दुसरा असला म्हणजे नट हा रंगाचे कर्म होतो. स्वतः रंगवताना तोच कर्ता आणि तोच कर्म. मराठी ‘नटणे’ हे क्रियापद हा संबंध एका शब्दात सांगते. ‘सजवणे’ दुसऱ्यासाठी, ‘नटणे’ स्वतःचे. आणि ‘नट’ हे नाम त्याच कुळातील. इंग्रजी समीक्षेत रूढ असलेल्या ‘रूपांतर’ या अर्थाच्या शब्दात कर्त्याला महत्त्व नाही, रूप जणू आपोआप पालटते. ‘नटणे’ म्हटले की करणारा हात दिसू लागतो. ‘हाफ-ड्रॅग’मधील प्रत्येक अर्धा चेहरा कलावंताच्या कलेचा पुरावा आहे, पण तो हात चौकटीत नाही, आर्बस यांच्या चित्रात सिगारेट धरलेला तो हात नखांसह समोर आहे.

मराठीच्या व्यवहारात आणखी एक रचना या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. जुने प्रेक्षक ‘बालगंधर्वांची रुक्मिणी’, ‘दीनानाथांची लतिका’ असे म्हणत. मराठीत क्रियापदाला व विशेषणाला लिंग टाळता येत नाही. ‘आला’ किंवा ‘आली’ यांतून निवड करावीच लागते. ड्रॅग कलावंताविषयी मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचण पावलोपावली येते. परंतु वरील षष्ठीची रचना पाहावी. आदरार्थी पुल्लिंगी नाम आणि स्त्रीलिंगी पात्र एका पदबंधात राहतात, आणि पुढे ‘रडली’, ‘हसली’ असे क्रियापद स्त्रीलिंगात येते. पुरुष नाहीसा होत नाही आणि स्त्री खोटी पडत नाही. दोहोंमध्ये उभी रेषा नाही. एकाने दुसरी घडवली हा संबंध आहे. अर्ध्या चेहऱ्याच्या चित्राला जे नाते व्यक्त करता आले नाही ते या साध्या प्रत्ययाने व्यक्त केले होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

७

हे नाते नीट व्यक्त होणे का महत्त्वाचे, याचे उत्तर न्यूयॉर्कच्याच इतिहासात आहे. हडसन खोऱ्यातील कुळांनी वेष पालटून जमीनदारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा १८४५ मध्ये त्या राज्यात असा कायदा झाला की चेहरा रंगवून वा झाकून ओळख लपवणारा मनुष्य दंडास पात्र व्हावा. उठाव शमला, कायदा राहिला. आणि पुढे पोलिसांनी तो परलिंगी वेष करणाऱ्यांविरुद्ध वापरला. नंतरच्या दंडसंहितेतही अस्वाभाविक पोशाख आणि चेहऱ्यातील बदल यांचा उल्लेख कायम होता. ‘हाफ-ड्रॅग’ प्रसिद्ध झाली तेव्हा ते कलम अस्तित्वात होते. ते २०२० मध्ये रद्द झाले. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात प्रौढांसाठीच्या करमणुकीची व्याख्या करताना स्त्री वा पुरुष यांची नक्कल करणाऱ्या कलावंतांचा अंतर्भाव केला. जून २०२३ मध्ये एका संघीय न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. जुलै २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने फिर्यादीला दाद मागण्याचा अधिकार नव्हता या कारणास्तव तो निर्णय फिरवला. या दोन्ही कायद्यांच्या मुळाशी एकच अर्थनिर्णय आहे : रंग म्हणजे लपवणे, रंगवलेला चेहरा म्हणजे खोटी ओळख.

या अर्थनिर्णयाच्या कसोटीवर ‘हाफ-ड्रॅग’ची परीक्षा केली तर निकाल संमिश्र लागतो. रंगवलेली बाजू इतक्या गंभीरतेने, इतक्या समतोल प्रकाशात दाखवून तिने रंगभूषेला लपवण्याच्या आरोपातून मुक्त केले. जो आपला दुसरा अर्धा चेहरा उघडा ठेवून बसला आहे त्याच्यावर लपवल्याचा आरोप कोण ठेवील? हे श्रेय मोठे आहे. पण त्याच वेळी उघडी बाजू हे सत्याचे मोजमाप म्हणून चित्रात बसवली गेली आणि त्यामुळे रंगवलेली बाजू पुन्हा, सौम्य रीतीने का होईना, अपवाद ठरली. चित्र कायद्याचा निष्कर्ष नाकारते, त्याचे गृहीतक मात्र तसेच ठेवते.

या मालिकेच्या पाठोपाठ अर्धा चेहरा रंगवण्याची रीत सर्वत्र पसरली आहे आणि तिचे अनुकरण सोपे आहे, म्हणून हा भेद नोंदवणे अगत्याचे वाटते. अर्ध्या चेहऱ्याचे चित्र कोशातील नोंदीसारखे आहे : दोन पदे समोरासमोर ठेवून ते त्यांचा भेद अचूक सांगते. रंगभूषेचा खरा विषय मात्र क्रियापदाचा आहे. आरशासमोर बसलेला माणूस, त्याच्या बुजवलेल्या भुवया, अजून न काढलेले ओठ आणि हातातील कुंचला, एवढे चौकटीत येईल तेव्हा छायाचित्र त्या क्रियापदापर्यंत पोहोचेल. आर्बस आणि गोल्डिन यांच्या निवडक चित्रांत ते पोहोचलेले आहे. ‘हाफ-ड्रॅग’ने त्या क्रियापदाची आधीची व नंतरची रूपे अत्यंत स्वच्छ लिहून दिली, आणि पुढील अभ्यासकाला व छायाचित्रकाराला मधले रूप शोधण्याचे काम शिल्लक ठेवले आहे.